दान दिलेलं जहाज: 'वरुण'ची 'सुरक्षा' झाली, त्यानंतरची गोष्ट

लंगरवाला

आपण शेजाऱ्याला जहाज दिलं की दोन दिवस बातमी चालते. पांढऱ्या गणवेशातले अधिकारी, हस्तांदोलन, मागे नवा झेंडा. पुढे ते जहाज चालतं की धक्क्याला उभं राहून गंजतं, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. माझ्या मते देणगीचा खरा हिशोब तिथून पुढे सुरू होतो. उदाहरणाला एकच जहाज घेतो, कारण ते आपल्या मुंबईत जन्मलेलं आहे.

'वरुण'. तटरक्षक दलाची विक्रम वर्गातली गस्तीनौका. माझगाव डॉकमध्ये बांधली आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये सेवेत आली. लांबी ७४ मीटर, वजन साधारण सव्वाबाराशे टन, वेग २२ नॉट (म्हणजे ताशी २२ सागरी मैल), मागच्या डेकवर एका चेतक हेलिकॉप्टरची सोय. आजच्या मानाने लहान वाटेल, पण त्या काळात तटरक्षक दलासाठी हीच मोठी जहाजं होती. दल मुळात सुरू झालं १९७७ च्या फेब्रुवारीत, तेही नौदलाने दिलेल्या जुन्या जहाजांवर: 'कुठार' आणि 'कृपाण' या दोन फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आणि पाच छोट्या गस्ती बोटी. त्या पाचांत एक 'पणजी' होती आणि एक 'पनवेल'. ही 'पनवेल' म्हणजे १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश युद्धातल्या मोंगला-खुलनाच्या मोहिमेत गेलेली तीच. म्हणजे आपल्या तटरक्षक दलाची सुरुवातच दुसऱ्याच्या वापरलेल्या जहाजांवर झाली. हे पुढच्या चर्चेत लक्षात ठेवा.

मग स्वतःची जहाजं हवी झाली. किनाऱ्यावर सोन्याची, घड्याळांची चोरटी आयात जोरात होती, बॉम्बे हायला तेल लागलं होतं, आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर देशाचा आर्थिक हक्क कायद्याने आला होता. तेवढ्या पाण्यावर नजर ठेवायला दिवसच्या दिवस बाहेर राहू शकणारं जहाज लागतं. त्यातून विक्रम वर्गाची नऊ जहाजं झाली. पहिली 'विक्रम' १९८३ ची, शेवटची 'वराह' १९९२ ची.

'वरुण'ची उत्तरायुष्यातली नोकरी कोचीला होती, नौदलाच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्यात. 'तीर', 'तरंगिणी' यांच्या जोडीने कॅडेट पोरांना समुद्र दाखवायचं काम. पहिल्यांदा बोट लागलेली, रेलिंगला धरून ओकणारी किती पोरं तिने पाहिली असतील, देव जाणे. त्यातली काही आज मोठ्या पदांवर असतील.

सप्टेंबर २०१७ मध्ये कोचीला तिचा तिरंगा उतरला आणि ती श्रीलंकेच्या तटरक्षक दलाला दिली गेली. नाव झालं 'सुरक्षा'. श्रीलंकेचं हे दल २००९ च्या कायद्याने उभं राहिलेलं, मुख्यालय दक्षिणेला मिरिसाला. एवढं मोठं, खोल समुद्रात जाणारं जहाज म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठी झेप होती.

आता नंतरच्या नोंदी बघा. जून २०२१: भारताकडून सुटे भाग. एप्रिल २०२२: पुन्हा सुटे भाग. जानेवारी २०२४: आग विझवण्याच्या हॅलॉन सिलिंडरचं पुनर्भरण. जून २०२४: आपलं 'सचेत' गॉल बंदरात गेलं आणि 'सुरक्षा'साठी १२ लाख डॉलरचे सुटे भाग देऊन आलं.

त्यातली एप्रिल २०२२ ची तारीख मला सगळ्यात बोलकी वाटते. तेव्हा श्रीलंकेत डॉलर संपले होते, पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा होत्या. अशा वेळी कुठलं सरकार तटरक्षक दलाच्या जुन्या जहाजाच्या भागांसाठी परकीय चलन काढून देणार? ते भाग गेले नसते तर जहाज उभंच राहिलं असतं. हत्ती दारात बांधून देणं सोपं असतं, रोजचा चारा कोण घालणार हा प्रश्न असतो. इथे चारा आपण घातला, आणि ते बरोबर केलं असं मला वाटतं.

जाणकारांनी भर घालावी. शिव्या घालायच्या तर जहाज देण्याला घाला, मला नको.


डॉकयार्ड_रोड

मस्त धागा. वडील माझगाव डॉकला प्लेटर, म्हणजे जहाजाचे पत्रे बसवणारे, होते, त्यामुळे विक्रम, विजया, वीरा ही नावं घरात नातेवाईकांसारखी ऐकली आहेत. जहाज पाण्यात सोडायच्या दिवशी आम्हा पोरांना शाळेला दांडी मारायची मुभा असायची.

याच वर्गातल्या 'विवेक'चं काय झालं तेही लिहा. परदेशी जाणं लांबच, ती मुंबईतच गेली. मार्च २०१० मध्ये इंदिरा डॉकमध्ये उभी असताना एक मालवाहू जहाज तिच्यावर आदळलं आणि ती तिथेच धक्क्याजवळ बुडाली. वीस वर्षं समुद्रात काढून शेवटी गोदीतल्या पाण्यात. वडिलांनी पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी त्यावर कुणाशी काही बोलले नाहीत.


शंकासुर

लेख छान, पण मुद्दा पटत नाही. २९ वर्षं वापरून झालेलं जहाज देणं म्हणजे आपल्याला भंगारात काढायचं ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. वर त्याचे सुटे भाग आपणच आपल्या पैशाने पुरवायचे. म्हणजे भंगारही आपलं, खर्चही आपला, आणि फोटोत हसणारे दोघे. यात नेमका फायदा कुणाचा?


ताईसाहेब

शंकासुर, १२ लाख डॉलर म्हणजे जून २०२४ च्या भावाने दहा कोटी रुपये. तेवढ्यात नवीन गस्तीनौकेचं इंजिनही नीट येणार नाही. तुमचा आक्षेप तत्त्वाचा असेल तर मान्य, पण पैशाचा मुद्दा या रकमेत बसत नाही.


तेल_वंगण

आयुष्य इंजिन रूममध्ये गेलं. आधी व्यापारी जहाजांवर, नंतर दुरुस्ती गोदीत. म्हणून थोडं तपशिलात लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

या वर्गाच्या जहाजांत दोन पिलस्टिक इंजिनं होती, १६ पीए६ व्ही २८० जातीची. दोन्ही मिळून १२,८०० अश्वशक्ती. नावातच सगळं आलं: १६ सिलिंडर, व्ही आकारात मांडलेले, प्रत्येकाचा व्यास २८० मिलिमीटर. मूळ फ्रेंच जात. किर्लोस्करांनी याच जातीची इंजिनं परवाना घेऊन आपल्याकडे बनवली आणि नौदलाच्या कॉर्व्हेटांवर (लहान युद्धनौकांवर) ती बसली. त्यामुळे हे इंजिन उघडलेले फिटर, त्याचे पॅकिंग, रिंगा, इंजेक्टर हे सगळं भारतात आहे. कोलंबोत ते कुठून येणार? तिथे हे एकच जहाज घेऊन बसलेला इंजिनियर युरोपला मागणी पाठवणार, कोटेशन येणार, पैसे मंजूर होणार, आणि तोवर जहाज धक्क्याला. म्हणून लंगरवालांचं म्हणणं खरं आहे. अशा जहाजाचं पुढचं आयुष्य त्याच्या वयावर कमी आणि ओळखीच्या भांडारावर जास्त अवलंबून असतं.

दुसरं, हॅलॉन. लेखात एका ओळीत येऊन गेलं, पण मला ते सुट्या भागांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. इंजिन रूमला आग लागली तर माणसं बाहेर काढायची, दारं आणि डँपर (हवेच्या झडपा) बंद करायचे आणि गॅस सोडायचा. जुन्या जहाजांत तो गॅस हॅलॉन असायचा. ओझोनला मारक म्हणून माँट्रियल करारान्वये त्याचं उत्पादन बंद झालं. विकसित देशांत १९९४ पासून, आपल्यासारख्यांकडे २०१० पासून. नव्याने बनत नाही म्हटल्यावर जुन्या सिलिंडरांतून काढून, शुद्ध करून साठवलेल्यातून भरायचा. असा साठा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जावं लागतं. सिलिंडरचा दाब उतरलाय आणि भरून मिळत नाही, असं जहाज कुठल्याही शहाण्या चीफ इंजिनियरने बाहेर काढू नये. बाकी इंजिन कितीही गोड आवाजात चालत असो.


लंगरवाला

तेल_वंगण, हेच हवं होतं. तळाच्या पत्र्यांबद्दलही लिहा की. तीस वर्षांत किती गंजतो?


तेल_वंगण

उघड्यावरचा पत्रा फारसा नाही, तो डोळ्यांना दिसतो, खलाशी खरवडून रंगवत राहतात. गंज लागतो तो न दिसणाऱ्या जागी. साखळी ठेवायच्या कप्प्यात, बिल्जच्या (अगदी तळाच्या पोकळीच्या) कोपऱ्यांत, खाऱ्या पाण्याच्या पाइपाखाली, आणि हमखास न्हाणीघराच्या फरशीखाली. तिथे वर्षानुवर्षं पाणी झिरपत असतं आणि फरशी उचलेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

ड्राय डॉकमध्ये (कोरड्या गोदीत) घेतलं की जाडी मोजतात. पत्र्यावर रुपयाएवढी जागा घासून चकचकीत करायची, त्यावर जेलचा ठिपका, त्यावर प्रोब टेकवायचा. मीटरवर मिलिमीटरमधला आकडा उमटतो. आकडा ओरडून सांगायचा, खाली उभा असलेला मुलगा खडूने पत्र्यावर लिहितो. सात दशांश आठ, सात दशांश सहा, सात दशांश सात... असं चाललेलं असतं आणि मध्येच चार दशांश नऊ येतो. मग सगळे गप्प, पुन्हा घासा, पुन्हा मोजा. तसा पट्टाच निघाला तर पत्रा कापून नवा. पाच-दहा ठिकाणी बदलला तर जहाज आणखी दहा वर्षं आरामात. पन्नास ठिकाणी निघाला तर निवृत्तीची तारीख ठरवलेली बरी.


मालवणी_खाजा

एक प्रश्न, शंकासुरांच्या बाजूने. श्रीलंकेचं नौदल रामेश्वरमच्या मच्छीमारांना सारखं पकडतं, बोटी जप्त करतं. आपणच दिलेली जहाजं आपल्याच माणसांवर फिरत असतील तर हे दान कसलं?

पण मग दुसरी बाजूही दिसते. मालवणाक कर्नाटकातल्या मलपीचे मोठे ट्रॉलर येतत, आमची जाळी फाडून जातत, तेव्हा आम्ही काय गप बसतंव? गस्तीबोट धाडा म्हणान बोंब मारतंवच ना! जाफनाचे मच्छीमार पण तेच म्हणत असतले.


लंगरवाला

मालवणी_खाजा, प्रश्न रास्त आहे. जाफनाच्या बाजूबद्दल तुम्ही लिहिलंत तेही खरं आहे. तिथले लहान मच्छीमारही तमिळच, युद्धातून जेमतेम सावरलेले, आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध त्यांचीच सगळ्यात मोठी ओरड. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडून मासेमारीवर कायद्याने बंदी घातली.

जहाजांचं म्हणाल तर पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे, तिथली धरपकड मुख्यतः लहान वेगवान बोटींची. ७४ मीटरचं जहाज त्यासाठी नसतं. त्याचं काम दूरवरचं: बुडणारी बोट शोधणं, अमली पदार्थांची वाहतूक अडवणं, तेलगळती. तरीही रामेश्वरमच्या माणसाला हा युक्तिवाद ऐकवायला मी जाणार नाही. त्याची बोट गेली म्हणजे घर गेलं.


शंकासुर

म्हणजे तुम्हीच मान्य करताय की हे इतकं सरळ नाही. शिवाय २००७ चं विसरू नका. तमिळ वाघांची (एलटीटीईची) शस्त्रांची तरंगती गोदामं श्रीलंकेच्या नौदलाने दूर समुद्रात जाऊन बुडवली, त्यात 'सयुरा' होती. ती म्हणजे आपली 'शरयू', २००० मध्ये दिलेली. तेव्हा दिल्लीत कुणाला याचा आनंद झाला, कुणाला नाही, हा वेगळाच धागा होईल.


ताईसाहेब

तो वेगळाच धागा काढा. इथे नको, रात्रीचे अकरा वाजलेत.


वास्कोकर

गोव्यातून दोन पैसे. विक्रम वर्गातली सगळीच जहाजं मुंबईची नव्हेत, शेवटच्यांत गोवा शिपयार्डचीही आहेत. 'वराह' वास्कोची. आणि तीसुद्धा श्रीलंकेत गेली. आधी भाडेपट्ट्याने, २००६-०७ च्या सुमारास, नाव 'सागरा', आणि २०१५ मध्ये कायमची. म्हणजे एकाच वर्गाच्या दोन बहिणी एकाच देशात, एक नौदलात आणि एक तटरक्षक दलात. सुट्या भागांसाठी हे सोयीचंच.

पण खरी गंमत नंतर झाली. श्रीलंकेने गोवा शिपयार्डला नवी कोरी दोन मोठी गस्तीजहाजं बांधायला दिली. १०५ मीटर लांब, 'सयुराल' आणि 'सिंदुराल'. पहिलं २०१७ मध्ये गेलं, दुसरं २०१८ मध्ये. ही दानातली नव्हेत, पैसे मोजून घेतलेली. जुनी जहाजं चालवून बघितली, त्यांच्या दुरुस्तीला माणसं मिळतात हे पाहिलं, मग नवीन घेतलं, असं मी तरी समजतो. शंकासुर विचारत होते ना, फायदा कुणाचा? वास्कोत कितीतरी घरांची चूल त्या दोन जहाजांवर पेटली.

आणि सुटे भाग घेऊन गॉलला गेलेलं 'सचेत'? तेही आमचंच, गोव्यात बांधलेलं, २०२० मध्ये सेवेत आलेलं. माझगावच्या म्हातारीचं औषध वास्कोच्या पोरीने पोचवलं.


डॉकयार्ड_रोड

वास्कोकर, टोमणा पोचला.


किनारपट्टी_उत्तर

पहिल्यांदाच लिहितेय. अमेरिकाही हेच करते, बऱ्याच मोठ्या प्रमाणावर. त्यांची हॅमिल्टन वर्गाची कटर (तटरक्षक दलाची मोठी गस्तीजहाजं) फिलिपिन्स, बांगलादेश, व्हिएतनाम, श्रीलंका अशी वाटली गेली. खुद्द 'हॅमिल्टन' २०११ मध्ये फिलिपिन्सला जाऊन 'ग्रेगोरियो देल पिलार' झाली आणि त्यांच्या नौदलातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं लढाऊ जहाज ठरली. १९६० च्या दशकातलं जहाज, हं! देताना अमेरिकेने वरची क्षेपणास्त्रविरोधी तोफ काढून घेतली. २०१२ मध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो शोलला चीनच्या जहाजांसमोर उभी राहिली ती हीच. २०१८ मध्ये उथळ खडकांवर चढून बसली आणि मग दीर्घ दुरुस्ती.

श्रीलंकेकडे आलेलं 'शर्मन' तर व्हिएतनाम युद्धात शत्रूचं जहाज बुडवलेलं. आता ते 'गजबाहू' आहे.


लंगरवाला

उत्तम भर. 'गजबाहू'चं नाव काढलंत म्हणून एक वेगळाच प्रवास सांगतो. हे तटरक्षक दलाचं नाही, नौदलाचं जहाज आहे, पण मोह आवरत नाही.

'तरमुगली'. कोलकात्यात बांधलेली लहान गस्तीनौका, २००१ ची. २००५ मध्ये सेशेल्सला दिली, तिथे ती 'टोपाझ' झाली. सोमाली चाच्यांच्या त्या भयानक वर्षांत या एवढ्याशा बोटीने त्यांच्याशी गोळीबार करून ओलीस माणसं सोडवली. मग ती भारतात परत आली, दुरुस्त झाली, २०१६ मध्ये विशाखापट्टणमला पुन्हा जुन्याच नावाने तिरंगा लावून कामाला लागली. आणि मे २०२३ मध्ये मालदीवला गेली, 'हुरावी' म्हणून. तीन देशांचे झेंडे, त्यातला एक दोनदा. आणि तिथे तिने जिची जागा घेतली ती 'हुरावी'ही आपणच २००६ मध्ये दिलेली 'तिलांचांग' होती.

शंकासुर, भंगार असतं तर सेशेल्सहून परत आणून पुन्हा सेवेत कशाला घेतलं असतं?


शंकासुर

एका बोटीवरून नियम बनत नाही.

पण एक विचारतो, वाद म्हणून नाही. उद्या तुमच्या हातात असतं तर जहाज देताना कागदावर काय लिहून घेतलं असतं? तेल_वंगण, तुम्ही सांगा.


तेल_वंगण

लिहून घेण्यापेक्षा लिहून देण्याचा प्रश्न आहे. मी असतो तर आधी हस्तांतराच्या अगोदर ड्राय डॉक, आणि पत्र्यांच्या जाडीचा पूर्ण अहवाल जहाजासोबत. मग सगळ्या यंत्रांचे नकाशे आणि पुस्तिका, मूळ प्रती. खलाशी-फिटरना जहाज ताब्यात घेण्याआधी सहा महिने आपल्या लोकांसोबत त्याच इंजिन रूममध्ये काम, वर्गात बसवून नाही. कुठला व्हॉल्व्ह घट्ट आहे, कुठला पंप सुरू करताना लाडीगोडी लावावी लागते, हे कुठल्याच पुस्तिकेत नसतं. दोन वर्षांचे झिजणारे भाग सोबतच द्यायचे, मागणीची वाट न बघता. आणि दर पाच वर्षांनी एक मोठी दुरुस्ती भारतीय गोदीत, हे आधीच ठरलेलं.

रडार आणि संपर्क यंत्रणा मात्र पहिल्याच दुरुस्तीत उखडून नवी बसवायची. त्यातली बरीच जुनी उपकरणं बनवणाऱ्या कंपन्याच उरलेल्या नसतात, त्यांचे भाग कुणीच देऊ शकत नाही. इंजिन जुनं चालतं, इलेक्ट्रॉनिक्स जुनं चालत नाही.


ताईसाहेब

आणि एवढं सगळं केल्यावर ते जहाज अजून किती वर्षं चालेल? सरळ आकडा सांगा, आम्हा सामान्यांना.


तेल_वंगण

पत्रे न मोजता आकडा सांगणारा इंजिनियर खोटारडा असतो, ताई.


लंगरवाला

मग मी उदाहरणं देतो. श्रीलंकेच्या नौदलातली 'समुदुरा' ही १९६८ ची अमेरिकी कटर, २००४ मध्ये आलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मालदीवला भारत-मालदीव-श्रीलंकेच्या 'दोस्ती' सरावात होती, वय ५६. त्यामानाने 'सुरक्षा' तरुण आहे. तीही २०२१ मध्ये याच सरावाला गेली होती. आपल्या बाजूने तेव्हा 'वज्र' गेलं होतं, नवं, त्याच वर्षी सेवेत आलेलं. 'सुरक्षा'ची माझगावला बांधलेली सख्खी बहीण 'वज्र'च होती, तिचंच नाव पुढे या नव्या जहाजाला दिलं. समोरासमोर उभी असताना 'सुरक्षा'वरच्या कुणाला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे.


डॉकयार्ड_रोड

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "वज्रचा पुढचा भाग आमच्या गँगने केला होता." वरुणबद्दल विचारलं तर म्हणाले, ती दुसऱ्या शेडची, तिचं मला विचारू नको.